रिलीव्हर आल्याशिवाय

माझ्या मोठ्या भावाला आमच्या नात्यातल्या बायका अजून "बाळ" म्हणतात. त्याने पन्नाशी ओलांडली आहे, दाढी पांढरी व्हायला लागली आहे, जिना चढताना तो कठड्याला धरतो. तरी घरी आल्या की त्याच्या गालाला हात लावतात आणि "कसं आहे आमचं बाळ?" असं विचारतात. तेही त्याला नाही, मला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दादाला राग येत नाही. तो खिशातून रुमाल काढतो, गाल पुसतो आणि आपल्या कामाला लागतो.

दादाची समज जन्मापासूनच सावकाश चालणारी. डॉक्टरांच्या कागदांवर त्याला मोठमोठे शब्द आहेत, पण बाबांनी ते घरात कधी वापरले नाहीत. "त्याला वेळ लागतो," एवढंच ते म्हणायचे. दादाला घड्याळ कळत नाही, नोटा ओळखता येत नाहीत, आणि एकटा सोडला तर रहाटणीच्या चौकातही तो वाट चुकेल. पण घरात कोण रुसलंय हे त्याला दारात चपला काढतानाच कळतं. मला अजूनही ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

बाबा धाराशिवकडचे. कंपनीत लागायचं म्हणून पिंपरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच खात्यात मशीनवर ऑपरेटर राहिले. त्यांच्या कंपनीत एक नियम होता. शिफ्ट संपली म्हणून कुणी मशीन सोडून निघून जायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहायला हवा. तो रिलीव्हर. त्याला चार्ज द्यायचा, म्हणजे मशीन आज कसं चाललंय, कुठं तापतंय, कसला आवाज करतंय, सगळं सांगायचं. तो "बरं" म्हणाला की मग जागा सोडायची. शाळेने दादाला घ्यायला नकार दिल्यावर बाबांनी त्याला घरी जे शिकवलं ते हेच होतं. त्यांना स्वतःला नीट येत होतं असं तेच होतं.

दादाची पहिली ड्युटी दुधावर लागली. आई दूध गॅसवर ठेवायची आणि दादा समोर उभा राहायचा. कुणी येऊन "मी आले" म्हणेपर्यंत हलायचा नाही, आणि आल्यावर चार्ज द्यायचा. "गॅस बारीक आहे. साय आलीय. वर येतंय." एकदा आईने गच्चीवर पापड वाळत घातले, दादाला राखणीला बसवलं आणि शेजारणीकडे गप्पा मारत बसली. बाबा पहिली शिफ्ट करून आले तेव्हा दादा उन्हाने लालेलाल होऊन पापडांपाशी बसलेला. आई बाबांवरच उखडली, कसलं खूळ भरवलंत लेकराच्या डोक्यात म्हणून. बाबा म्हणाले, "खूळ कसलं? तू रिलीव्ह करायला गेली नाहीस. जागा सोडून आला असता तर कावळ्यांनी पापड नेले असते." मग त्यांनी दादाला सावलीत नेऊन पन्हं दिलं आणि स्वतः पापडांपाशी बसले.

बाबा गेल्यावर दादा चिंचवडच्या एका कार्यशाळेत जायला लागला. तिथे त्याच्यासारखी मोठी माणसं चाकणच्या कुठल्याशा पुरवठादारासाठी रबरी वॉशर पिशव्यांत भरतात. दादा तिला कंपनी म्हणतो. सकाळी शर्ट खोचून, डबा घेऊन गाडीची वाट बघतो. तिथे त्याची भांडणं आहेत, दोस्ती आहे, चहाला बसायची ठरलेली जागा आहे. तिथे त्याच्या गालाला कुणी हात लावत नाही. आजारी पडला तरी त्याला तिथे जायचं असतं, आणि यामागे वॉशर नाहीत हे मला कळतं.

माझं लग्न झाल्यावर आम्ही आईच्याच घरावर मजला चढवून राहिलो. माझी मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यात नर्स दादाला म्हणाली, "मामा झालात हं तुम्ही." बाईने सहज म्हटलं असेल, दादाने ते नेमणूक झाल्यासारखं घेतलं. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, कामवाल्या मावशींना त्याने सांगून टाकलं, "मी मामा आहे." पाळण्याची दोरी त्याच्याच हातात. पोर झोपली तरी तो उठायचा नाही, मी जाऊन "आले मी" म्हणायचं, मग तो हळू आवाजात चार्ज द्यायचा. पोर मोठी झाली, इंजिनिअर झाली, चाकणच्या एका कंपनीत लागली, तरी रोज घरी आल्यावर ती पहिली खाली मामाकडे जायची. रुसली असली तर गच्चीवर जाऊन बसायची. दादा थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग कुणाला न विचारता चहा घेऊन वर जायचा, रडत असली तर नुसता जवळ बसायचा. माझ्याकडून रुसवा कधी असा निघाला नाही. मी विचारत सुटते, काय झालं, कोण बोललं, आणि ती आणखीच गप्प होते.

तिचं लग्न ठरलं महाळुंग्याच्या मुलाशी. घरची शेती होती. आता शेताच्या तिन्ही अंगांना कारखाने आहेत, आणि मुलाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, त्यातल्याच एकात कित्येक वर्षं कामाला आहेत. बोलाचालीची बैठक आमच्या घरी झाली. मानपानाचं बोलताना व्याह्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मामा कोन हाय? मामाचा फेटा कुनाला?"

आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. आई पटकन म्हणाली, "माझा पुतण्या उभा राहतो की." कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या दादाने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मामा मी आहे."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. व्याह्यांनी दादाकडे नीट पाहून घेतलं आणि त्यालाच विचारलं, "मंग भाऊ, फेटा कोंच्या रंगाचा बांधायचा तुमाला?"

"लाल," दादा म्हणाला आणि बशी परत उचलली.

पाहुणे गेल्यावर आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "लेकीचं लग्न करायलीस का तमाशा? फटाके वाजतेत, बँड वाजतो. त्यानं कान धरून खाली बसलं म्हंजे? लोकं हसतेत गं."

"हसू देत. जेवायला आपलंच जेवणार आहेत."

"तुझं तोंड लई चालतं," आई म्हणाली. "मला बघवायचं नाही ते."

ती कशाबद्दल बोलतेय हे मला ठाऊक होतं. खूप पूर्वी गावाकडच्या एका लग्नात बँडच्या आवाजाने दादा घाबरून रडला होता, आणि मांडवातल्या टवाळ पोरांनी त्याची नक्कल केली होती. तेव्हापासून आईने त्याला कुठल्याही लग्नाला नेलं नव्हतं. ती स्वतःही गेली नव्हती. पत्रिका यायच्या, आम्ही जायचो, आई घरी दादाजवळ राहायची आणि आल्यावर विचारायची, काय काय होतं जेवायला. माझ्या आईला लग्नाची, गर्दीची, नटायची किती हौस होती, हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही त्याने जीव तुटतो.

शेवटी माझ्या मुलीने निकाल लावला. "आजी, मला मामा एकच आहे." तडजोड म्हणून आईचा पुतण्याही फेटा बांधून तयार राहील असं ठरलं. आमच्या घरात त्याला लगेच नाव पडलं, स्टँडबाय मामा.

दादाला बाबांसारखी सफारी हवी होती. सगळ्यांनी झुळझुळीत कुडते दाखवले, त्याने एकाला हात लावला नाही. काळेवाडीच्या टेलरने माप घेताना मला विचारलं, "यांना पँट सैल ठेवू की फिट?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मी घालणार आहे. मला विचार." टेलर वरमला आणि पुढचं सगळं दादालाच विचारत राहिला. खिसे किती हवेत हे ठरवायला त्या दोघांना चांगलाच वेळ लागला.

मग सराव सुरू झाला. मुलगी कामावरून आली की आम्ही गच्चीवर जायचो. तिने दुपट्टा डोक्यावर घ्यायचा, दादाने तिच्या कोपराला धरायचं, सावकाश चालत आणायचं आणि मागे उभं राहायचं. मी मोबाइलवर मंगलाष्टकं लावायचे, रोज आवाज थोडा वाढवायचे. उभं राहायची जागा म्हणून खडूने पांढरा चौकोन काढला, तो दादाला पटेना. "पिवळा पाहिजे." त्याच्या कार्यशाळेत उभं राहायच्या जागेभोवती पिवळे पट्टे आहेत. मी हळद आणून रेघा ओढल्या. "ही तुझी जागा," मी त्याला बजावलं, "काही झालं तरी इथून हलायचं नाही." त्याने मान डोलावली. फटाका म्हणून माझा नवरा कागदी पिशवी फोडायचा. पहिल्यांदा दादा कान झाकून चौकोनाबाहेर पळाला. पुढे पुढे नुसते डोळे मिटून जागेवर उभा राहायला लागला.

लग्न देहूच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर होतं. मी सकाळीच पदराआड हळदीची पुडी नेली आणि मांडवातल्या स्टेजवर नवरीच्या पाटामागे चौकोन काढला. गुरुजींना वाटलं हा आमच्याकडचा काही विधी असावा. त्यांनी त्यात दोन अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला.

नवरदेवाची मिरवणूक दाराशी आली आणि फटाक्यांची माळ लागली. कागदी पिशवी कुठे आणि ही माळ कुठे. नवरीच्या खोलीत दादा भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी कान दाबून खाली बसला. लाल फेटा तिरका झाला. आईचा चेहरा पांढरा पडला. "सांगितलं होतं मी," ती म्हणाली, "बोलाव पुतण्याला." स्टँडबाय मामा दारातच होता, मिशीला पीळ देत. माझ्या मुलीने शालू सावरला आणि दादासमोर जमिनीवर बसली. ती काही बोलली नाही. तो तिच्याजवळ बसायचा तशी नुसती बसून राहिली.

माळ संपली. माइकवरून गुरुजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." दादाने कानांवरचे हात काढले, उठला, सफारीचे खिसे सारखे केले आणि तिच्या कोपराला धरलं. मी त्याचा फेटा सरळ करायला गेले तर म्हणाला, "आता नको, वेळ झाली."

तो तिला घेऊन गेला. इतका सावकाश, की बँडवाल्यांची चाल संपली तरी हे दोघं वाटेतच होते. मांडवात त्याने खाली बघून चौकोन शोधला आणि त्यात पाय जुळवून उभा राहिला. अक्षता डोक्यावर पडल्या, त्याने डोळे मिटले, पाय हलवले नाहीत. हार घालायच्या वेळी मित्रांनी नवरदेवाला उचलून उंच धरलं, आणि आमच्याकडची पोरं ओरडायला लागली, "मामा, उचला नवरीला." दादा म्हणाला, "नाही. पडेल ती." माइक जवळच असल्याने हे सगळ्या लॉनला ऐकू गेलं. लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं, आईलाही ते कळलं असावं. तिने पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला सांगितलं, "माझा मुलगा."

मंगलाष्टकं झाली, हार घालून झाले. मामाचं काम तिथे संपतं, पण दादा हलला नाही. कन्यादान झालं, होम झाला, सप्तपदी झाली, दादा चौकोनात. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?" दादा झाला नाही. सगळ्या फोटोंत नवराबायकोच्या मागे तो लाल फेटा आहे. पंगती उठत होत्या. आईने खालून हाका मारल्या. पुतण्याने वर जाऊन दंडाला धरून ओढलं, तसा दादा आणखीच ताठ झाला. आता मात्र काही लोक खुर्च्या वळवून बघायला लागले, आणि आईचा चेहरा पुन्हा उतरला.

मी वर गेले. "दादा, झालं लग्न. चल जेवायला."

"कोण आलंय?" त्याने विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मी आले ना," मी म्हणाले, जशी पाळण्यापाशी म्हणायचे तशी.

दादाने नकारार्थी मान हलवली. "तू तिच्याबरोबर जाणार आहेस का?"

नव्हते जाणार. पुढच्या शिफ्टला मी तिथे असणारच नव्हते, मला चार्ज देऊन काय उपयोग होता? मला एकदम रडू आलं. सकाळपासून आवरून धरलं होतं ते सगळं तिथे, सगळ्यांसमोर आलं.

व्याही काय झालं ते बघायला आले. मी रडत रडत त्यांना सांगितलं, आमच्या वडिलांनी त्याला रिलीव्हरचं कसं शिकवलंय ते. या माणसाला जास्त समजवावं लागलं नाही, जन्म शिफ्टमध्येच गेलेला. त्यांनी पायातले जोडे काढले, दादासमोर येऊन उभे राहिले.

"आलो मी, भाऊ. फुडची पाळी माजी."

दादाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चार्ज दिला.

"तिला दुधावरची साय चालत नाही."

"बरं."

"झोपताना पंखा लागतो. थंडीत पण लागतो."

"पंखा. बरं."

"रागावली तर बोलायचं नाही. थांबायचं."

"थांबायचं."

"रडली तर का रडते विचारायचं नाही. जवळ बसायचं."

व्याह्यांनी सुनेकडे पाहिलं. माझी मुलगी हुंदके देत होती आणि सगळं काजळ गालावर आलं होतं. "बसंन मी," ते म्हणाले. "आनखी काय?"

दादाने आठवून पाहिलं. "बस." मग तो चौकोनातून बाहेर आला, आणि व्याही त्यात जाऊन उभे राहिले. खरंच उभे राहिले, दादा पायऱ्या उतरून जेवणाच्या मांडवात दिसेनासा होईपर्यंत. दादाने जिलेबी मागून घेतली, मठ्ठा दोनदा घेतला, आणि आई त्याच्या शेजारी बसून जेवली. कित्येक वर्षांनी ती लग्नात जेवत होती.

मुलगी सासरी गेल्यावर दादाचं काही ठीक चाललं नाही. कार्यशाळेतून आला की वर यायचा, तिच्या खोलीतला पंखा लावून बघायचा, बंद करायचा आणि खाली जायचा. "आता माझी ड्युटी काय?" त्याने आईला विचारलं. "आता आराम," आई म्हणाली. ते त्याला मुळीच आवडलं नाही. आपल्याला वाटतं अशा माणसाला खायला, प्यायला आणि माया मिळाली की झालं. माझा भाऊ तेव्हा तिन्ही मिळूनही सुकत चालला होता.

अशात एका रविवारी दुपारी व्याह्यांचा फोन आला. मी घाबरून विचारलं, सगळं बरं आहे ना. "बरं हाय. जरा भाऊंना द्या."

मी स्पीकर लावून फोन दादासमोर धरला.

"भाऊ, पोरगी सकाळपासनं बोलत न्हाई. तुमी म्हनला व्हता थांबायचं. आमी समदे थांबलोय. पन किती थांबायचं?"

दादाने मोबाइल माझ्या हातातून घेतला. "कुठं बसलीय?"

"वर, गच्चीवर."

"मग काही नाही," दादा म्हणाला. "चहा करा. आलं नको. तिच्याजवळ ठेवा आणि खाली या."

"व्हय, करतो. आन न्हाई आली तर?"

"मग मी येतो."

फोन बंद झाला. दारात शेजारीण कसलीशी वाटी परत करायला आली होती, ती कौतुकाने म्हणाली, "बाळाला कुणाचा फोन आला गं बाई?"

आई कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली. "बाळ काय म्हणायलीस त्याला? भाचीच्या सासरहून फोन होता. मामाला विचारायलेत."

दादाचं इकडे लक्ष नव्हतं. त्याने शर्ट खोचला, पायात चपला घातल्या आणि फोन मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसला. ती खाली आली, चहा प्याली, असा निरोप येईपर्यंत त्याने चपला काढल्या नाहीत.